पाच बोटांची चिमूट

दुपारचे अडीच वाजलेत आणि दिगंबरला झोपायचं नाहीये. चार वाजता शालनताई येणार आहेत, साताऱ्याहून, गाडी करून, आणि जाताना रेवाला घेऊन जाणार आहेत. तसं त्यांनी फोनवर सरळ सांगितलंय. विचारलेलं नाही, सांगितलंय. अशा दिवशी कुठला बाप झोपतो? पण पहाटेपासून तो देवळाच्या मुदपाकखान्यात चुलीपुढे उभा होता, दीडशे पानांचा महाप्रसाद उरकून आत्ता कुठे घरी आलाय, आणि वैशाखातली दुपार आहे. तो स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसलाय. डोळे मिटले की तो ते उघडतो. ते पुन्हा मिटतात.

समोर ओट्यावर वाटी आहे, वर ताटली झाकलेली. वाटीत खिमट आहे आणि त्या खिमटाचा दिगंबरला मनस्वी राग आलाय.

खिमट म्हणजे काही पंचपक्वान्न नव्हे. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन सावलीत वाळवायची, मंद आचेवर खमंग भाजायची, जरा ओवा-जिरं घालून भरड काढून ठेवायची. रोज त्यातली मूठभर मऊ शिजवायची, घोटायची, वर साजूक तूप सोडायचं. दात न आलेल्या बाळाचं जेवण. गावातली कुठलीही बाई बोलता बोलता करेल. आणि इथे दिगंबर, ज्याच्या हातचा नैवेद्य गेली सोळा वर्षं देवापुढे जातो, ज्याच्या हातच्या आमटीसाठी लोक लांबून पंगतीला येतात, त्या दिगंबरच्या हातचं खिमट त्याची स्वतःची आठ महिन्यांची पोर थुंकून टाकते. आज नाही, रोज. दोन महिने झाले. दोन घास कसेबसे पोटात जातात, मग तोंड घट्ट मिटलं की मिटलं. पाणी मात्र घटाघटा पिते आणि बाटलीतल्या दुधावर जगते.

त्याने काय काय नाही केलं? आंबेमोहोर आणला, मग जिरेसाळ आणला. ओवा काढून टाकला. तूप बदललं, डाळ बदलली, वाटी चांदीची आणली. शेवटी गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी काटा दाखवला. वजन वाढायचं सोडून तीनशे ग्रॅमने उतरलेलं. ते शालनताईंच्या कानावर गेलं आणि विषय संपला. आई गेली, बापाला देवळातून सवड नाही, पोर वाळत चाललीय, तर मावशीने नेऊ नये तर काय करावं? गावातल्या कुणालाही विचारा, हेच म्हणतील. म्हणूनच दिगंबर कुणाला विचारत नाही.

आजही तेच झालं. पाच घास तोंडाशी नेले, पाच बाहेर आले. सहाव्याला रेवाने हात मारला आणि चमचा भिंतीवर. मग ती रडून रडून झोपली. दिगंबर तिच्यावर ओरडला होता. आठ महिन्यांच्या पोरीवर, देवळातल्या आचाऱ्याच्या आवाजात. त्याची लाज वाटायला हवी होती, पण आत्ता लाजेलाही जागा नाही इतका तो चिडलाय. तांदळावर, डॉक्टरवर, शालनताईंवर. आणि सगळ्यात जास्त जिच्यावर चिडलाय तिचा फोटो त्याने पाच महिन्यांत भिंतीवरसुद्धा लावलेला नाही.

पंखा कुरकुरतोय. उन्हाचा पट्टा फरशीवरून त्याच्या पायापर्यंत आलाय. पाय गरम होतायत, पण ते मागे घ्यायचा कंटाळा आलाय.

ओट्याशी वृंदा उभी आहे.

पाठमोरी, निळ्या फुलांचा तोच गाऊन, केस वर गुंडाळून त्यात पेन्सिल खोचलेली. दिगंबर दचकत नाही. आली एकदाची, एवढंच त्याला वाटतं, आणि राग घशाशी येतो.

"पाच महिने झाले," तो म्हणतो. "आत्ता सवड मिळाली?"

"अहो, झाकण काढा," ती मागे न वळता म्हणते. "काय शिजवलंय बघू."

वृंदा रागावली की 'अहो' म्हणते. एरवी घरात 'अरे दिगू', चारचौघांत 'अहो', आणि भांडण झालं की घरातसुद्धा 'अहो'. म्हणजे हीसुद्धा चिडूनच आलीय. उत्तम. एकट्यानेच किती दिवस भांडायचं?

"तू यात पडू नकोस," तो म्हणतो. "मेलीस ना? मग झालं तर."

"मेले म्हणून काय पोर दुसऱ्याची झाली? झाकण काढा म्हणते ना!"

तो तरातरा उठतो, ताटली उचलतो आणि वाफेचा लोट अंगावर येतो. ताटली कसली, हे तर हंड्यावरचं लाकडी झाकण आहे. तो मुदपाकखान्यात उभा आहे, अंगावर सोवळ्याचा मुकटा, हातात लांब दांड्याचा डाव. हंडा काठोकाठ खिमटाने भरलेला आहे आणि रटरट उकळतोय. काळ्या भिंती, ओली फरशी, नारळाच्या करवंट्यांचा ढीग, सगळं जिथल्या तिथे. फक्त वृंदा इथे कशी आली, हे त्याला कळत नाही. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात गाऊन घालून कुणी येत नाही.

"पानं मांडलीयत," ती म्हणते. "वाढा."

सभामंडपात पंगत बसलीय. दोन्ही बाजूंना पाट, पाटापुढे केळीची पानं, पानांभोवती रांगोळी, आणि पाटांवर सगळी तान्ही मुलं. गळ्याशी लाळेरी बांधलेली, पाठ ताठ, नजर समोर. एकही रडत नाही. शेवटच्या पाटावर रेवा आहे. दिगंबर वाढायला लागतो. पहिल्या पानावर डावभर, दुसऱ्या पानावर डावभर. जिथे वाढतो तिथलं मूल तोंड मिटतं आणि मान फिरवतं. पुढचंही तेच करतं. रेवापर्यंत तो पोचतो तेव्हा सगळी पंगत भिंतीकडे तोंड करून बसलेली असते.

"खा!" दिगंबर गरजतो. "खा म्हणतो ना! उपाशी मरायचंय का?"

"कुणावर ओरडताय?" वृंदा विचारते. ती खांबाला टेकून उभी आहे, हाताची घडी घालून.

"यांच्यावर! नाटकं आहेत सगळी. देव जेवतो माझ्या हातचं, यांना काय झालंय?"

"देव थुंकत नाही म्हणून. चाखलंत का?"

"काय?"

"खिमट. चाखून बघितलंत का कधी?"

"नैवेद्य कुणी चाखतं का?"

"हा नैवेद्य आहे?"

या प्रश्नाचाही दिगंबरला राग येतो. शिजवताना चाखायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं आहे. नऊ वर्षांचा असताना त्याने बासुंदीत बोट घातलं होतं, तर दादांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, उलथन्याने बोटांच्या पेरांवर फटका दिला होता. देवाच्या आधी तुझी जीभ? सगळं उष्टं केलंस! ती बासुंदी गाईला घातली आणि पोराला दिवसभर उपाशी ठेवलं. तेव्हापासून दिगंबरने शिजत्या अन्नाला जीभ लावलेली नाही. वासावर कळतं त्याला. दिगंबरला वासावर मीठ कळतं असं गावात म्हणतात, आणि त्यानेही ते कधी नाकारलेलं नाही. मग त्याच्या हातचं दुसरं कोण चाखून बघणार? रोज पहाटे खिमटाचा डबा घेऊन रेवाला शेजारच्या नमूकाकूंकडे सोडतो, काकू भरवतात, पण त्यांनीही कधी चमचा तोंडाला लावला नाही. एक तर त्यांना ब्लडप्रेशर. आणि दिगंबरच्या हातचं चाखून बघायचं म्हणजे त्याचा अपमानच की.

"उष्टं कसं घालायचं पोरीला?" तो म्हणतो.

"आईचं उष्टंच खातं बाळ. फुंकर घालते ती, ओठाला लावून बघते, किती ऊन आहे ते."

"मी आई नाहीये!" तो एवढ्या जोरात ओरडतो की मंडपातली घंटा हलते. "आई तू होतीस! तुझं काम होतं ते! तू निघून गेलीस आणि वर मला विचारतेस चाखलं का!"

"निघून गेले? कुठे, माहेरपणाला?"

"सांगितलं का नाहीस? पाच दिवस अंगात ताप होता. पाच दिवस! तोंडाला कुलूप होतं?"

तो तावातावाने पुढे जातो आणि उंबरठ्याला ठेचकाळतो. त्याच्याच घराचा उंबरठा. मार्गशीर्षातली थंड दुपार आहे, देवळाकडून चौघडा ऐकू येतोय, उत्सवाचा पाचवा दिवस. तो बाहेर पायरीवर, मुकट्यात, ओल्या केसांनी. वृंदा आत ओटीवर, खांद्यावर तीन महिन्यांची रेवा. उत्सवाचे नऊ दिवस दिगंबर देवळातच राहतो आणि सोवळ्यात असतो. दुपारी दहा मिनिटं घरी येतो, पायरीवरून विचारपूस करतो आणि परत जातो. घरातल्या कुणाला शिवायचं नाही, आत यायचं नाही. दादांनी तसंच केलं, आजोबांनी तसंच केलं.

"जेवलीस का?" तो पायरीवरून विचारतो. त्याला हे विचारायचं नाहीये. तोंडातून तेच येतं, कारण त्या दिवशी तेच आलं होतं.

"जेवले," वृंदा म्हणते.

"रात्री झोपली का ही?"

"झोपली. अहो, माझं अंग कसकसतंय."

"गोळी घे. उद्या पालखी आहे, मला उभं राहायला वेळ नाही."

हे ऐकून त्याचे स्वतःचेच कान तापतात. वृंदा दोन पावलं पुढे येते.

"लांब, लांब," तो म्हणतो, "सोवळ्यात आहे मी." आणि एक पायरी खाली उतरतो.

ती थांबते. तिचे डोळे लाल आहेत, ओठ सुकलेत. रेवाला खांद्यावर सांभाळत तिने दाराची चौकट धरलीय. सगळं दिसतंय. पायरीवरूनही स्वच्छ दिसतंय.

"आता बोला," ती म्हणते. "कोण सांगत नव्हतं?"

"हे सांगणं झालं?" तो खवळतो. "अंग कसकसतंय म्हणजे काय? अंग सगळ्यांचं कसकसतं! ओरडायचं होतंस. भांडी आपटायची होतीस. माझा हात धरायचा होतास!"

"सोवळ्यातल्या माणसाचा?"

"हो, सोवळ्यातल्या माणसाचा! मोडलं असतं सोवळं, मोडू द्यायचं होतंस! आंघोळ केली असती परत. विहिरीत काय पाणी नव्हतं? दहा वेळा केली असती आंघोळ!"

चौघडा थांबलाय. वृंदा अगदी हळू म्हणते, "हे तू तेव्हा म्हणायला हवं होतंस, दिगू."

दिगंबरच्या हातात अजून तो डाव आहे. दिगंबर तो फेकून देतो. डाव पायऱ्यांवरून गडगडत जातो, आवाज करत, करत, एका लांबलचक कॉरिडॉरमधून पार टोकापर्यंत. हिरव्या रंगाच्या भिंती, फिनेलचा वास, बाकावर वृंदा बसलीय. रेवा तिच्याकडे नाही. तिच्या मांडीवर खिमटाची वाटी आहे. याच बाकावर तो दोन दिवस बसला होता. तेव्हा तिला आत आयसीयूत ठेवलेलं होतं आणि तो बाहेर होता.

"बस," ती म्हणते.

"नाही बसत."

"मग उभ्यानेच हात लाव. माझ्या कपाळाला."

तो घुटमळतो. अंगावर अजून मुकटा आहे. एवढं सगळं होऊनही हात आपोआप मागे जातो, आणि त्या हाताची त्याला अशी किळस येते की तो दात खाऊन हात पुढे रेटतो आणि तिच्या कपाळावर ठेवतो. चुलीवरच्या तव्याला लागावा तसा चटका बसतो.

"एवढा?" त्याचा आवाज चिरकतो. "एवढा होता?"

"पाच दिवस."

"मला वाटलं जागरणाने डोळे लाल झालेत."

"वाटलं ना? तुला सगळं लांबूनच कळतं. मीठ वासावर कळतं, बायको पायरीवरून कळते." ती त्याचा हात कपाळावरून काढते आणि स्वतःच्या हातात घेते. "आता दाखव. खिमटात मीठ किती घालतोस?"

"चिमूटभर. नमूकाकूंनी सांगितलं, चिमूटभर घाला, म्हणून चिमूटभर. एक कणही जास्त नाही."

"चिमूट करून दाखव."

तो दाखवतो. पाची बोटं एकत्र येतात, टोकाला टोक जुळवून, बरणीतून मीठ उचलताना येतात तशी. जाडजूड, भाजल्याचे डाग पडलेली आचाऱ्याची बोटं. वृंदा त्या हाताकडे बघत राहते. मग तिला हसू फुटतं, पण ते हसू रागाचंच आहे.

"ही चिमूट?"

"मग काय! दादा हिलाच चिमूट म्हणायचे. एका पातेल्याला एक चिमूट, हंड्याला चार."

"अरे गाढवा, ही पंगतीची चिमूट आहे! दीडशे पानांची आमटी आहे का ती? वाटीभर खिमट आहे! चिमूट म्हणजे ही." ती अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवते. तिची बोटं इतकी बारीक आहेत की त्यात मिठाचे दहा-बारा कण मावतील. "आणि तिला एवढंही नकोय. वर्षाची होईपर्यंत मीठ घालायचंच नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं मला, पहिल्याच महिन्यात. तू बाहेर गाडी लावत होतास."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. ती सहा महिन्यांची झाली की. तेव्हा लागणार होतं ना ते." वृंदाचा आवाज पहिल्यांदाच हलतो, आणि लगेच ती पुन्हा चिडते. "मला काय ठाऊक, तीन महिन्यांतच गाशा गुंडाळायला लागेल! तुला वाटतं, तूच एकटा चिडलायस? मला तिचा एक दात बघायला मिळाला नाही!"

इतके दिवस तो एकट्याचा राग घेऊन बसला होता. तिलाही राग आला असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आ कर," ती म्हणते. तिने वाटीत बोट बुडवलंय, चांगलं दोन पेरं.

"मी नाही."

"आ कर."

तो तोंड घट्ट मिटतो. मान भिंतीकडे फिरवतो. अगदी रेवासारखी. वृंदा डाव्या हाताने त्याचे गाल दाबते, जसे तो रेवाचे दाबतो, आणि ओठ उघडले की बोट आत सरकवते.

मीठ. नुसतं मीठ. जीभ आक्रसते, डोळ्यांत पाणी येतं, घसा बंद होतो. तूप नाही, भाजल्या डाळीचा स्वाद नाही, काही नाही. खाडीचं पाणी तोंडात गेल्यासारखं वाटतं. तो थुंकायला वाकतो, पण तिचा तळहात त्याच्या तोंडावर येतो, तापलेला, घट्ट.

"गीळ," वृंदा म्हणते. "ती दोन महिने गिळतेय."

तो गिळतो.

डोळे उघडतात तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी आहेत. पंखा कुरकुरतोय. पाठ भिंतीलाच टेकलेली आहे, पाय उन्हात आहेत. दिगंबर उठलेला नाही, कुठेही गेलेला नाही. पण तोंड खारट आहे. टाळू, हिरड्या, ओठांचे कोपरे, सगळं खारट.

तो ओट्यापाशी जातो. ताटली बाजूला काढून ठेवलेली आहे. वाटीतलं खिमट गार होऊन वर साय धरलीय, आणि त्या सायीच्या मधोमध बोटाने काढलेली चर आहे. कडा स्वच्छ, तळाशी खोल. दिगंबर स्वतःची बोटं बघतो. कोरडी आहेत. तर्जनी त्या चरीवर धरून पाहतो. त्याचं बोट तिच्या दुप्पट जाड आहे. ते आत घातलं तर चर मोडेल, म्हणून तो हात काढून घेतो.

मग तो काठाजवळचं थोडंसं खिमट करंगळीवर घेतो आणि जागेपणी चाखतो. तेच. अगदी तेच.

त्याला ओरडायचंय. वाटी भिंतीवर फेकायची आहे, मिठाची बरणी अंगणात नेऊन फोडायची आहे. पण आत रेवा झोपलीय. तो पाची बोटं एकत्र करतो, दातांत धरतो आणि कचकन चावतो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत चावतो. देवळात सोळा वर्षं मिरवलेली बोटं. वासावर मीठ कळतं म्हणे. कपाळ कळतं!

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज येतो.

मोरी दोन पावलांवर आहे. वाटी उलटी करायची, नळ सोडायचा, झालं. कुणाला काही कळणार नाही. नवीन शिजवायचं, बिनमिठाचं, आणि ताईंना म्हणायचं, बघा, आज खाल्लं, आता लागेल अंगाला, राहू द्या तिला. दिगंबर वाटी उचलतो. नळही सोडतो. पाणी मोरीत पडत राहतं आणि तो वाटी धरून उभा राहतो. मग नळ बंद करतो.

शालनताई दारातून आत येतात. पन्नाशीच्या, वृंदाहून पंधरा वर्षांनी मोठ्या, चालण्यात तिच्यासारखीच घाई. हातात रिकामी बॅग.

"कुठेय पोरगी? कपडे काढून ठेवलेत का तिचे?"

"ताई, आधी हे चाखा." दिगंबर वाटी आणि चमचा पुढे करतो. "काठाचं घ्या."

"मी कशाला? तिचं आहे ते."

"चाखा म्हणतो ना."

ताई त्याच्या तोंडाकडे बघतात आणि कुरकुर न करता चमचाभर घेतात. पुढच्या क्षणी त्या मोरीशी असतात. थुंकतात, चूळ भरतात, पुन्हा थुंकतात.

"हे तिला घालत होतात?"

"हो. रोज. दोन महिने."

"माणूस आहात की कोण आहात हो तुम्ही?" ताईंचा आवाज चढतो. "एवढंसं पोर ते! आणि मी म्हणतेय, खात का नाही, खात का नाही! सगळ्या गावाला जेवायला घालता, आणि स्वतःच्या मुलीचा एक घास चाखून बघता आला नाही?"

"नाही आला," दिगंबर म्हणतो. "ओरडा तुम्ही. ओरडायलाच हवं. पण जरा हळू ओरडा, ती उठेल. मी दुसरं टाकतो. ते तिने नाही खाल्लं तर घेऊन जा, मी आडवा येणार नाही."

तो भरड काढतो, पातेली चढवतो. मिठाच्या बरणीकडे हात सवयीने जातो, दिगंबर तो मागे घेतो. ताई बॅग मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्यात आणि त्याच्या हातांवरची नजर हलवत नाहीत. खिमट शिजतं. तो घोटतो, तूप सोडतो, आणि मग पातेलीत बोट घालतो. शिजत्या पातेलीत, त्या बासुंदीनंतर पहिल्यांदा. दादांचं उलथनं आठवून खांदे आक्रसतात, तरी तो बोट तोंडात घालतो. अळणी लागतं. मग तांदूळ लागतो, मग भाजलेली डाळ, मग तुपाचा गोडवा. त्याला ही चव ठाऊकच नव्हती.

रेवा उठून कुरकुरायला लागलीय. तो तिला मांडीवर घेतो. चमचा बघितल्याबरोबर ती तोंड मिटते आणि मान भिंतीकडे फिरवते. दिगंबर चमचा खाली ठेवतो, बोटावर थोडं घेतो, फुंकर घालतो, स्वतःच्या ओठाला लावून बघतो आणि तेच उष्टं बोट तिच्या ओठांवर टेकवतो. रेवा ओठांवरचं तूप जिभेने चाटते. थांबते. त्याच्याकडे संशयाने बघते. मग आ करते.

सहाव्या घासाला ताई उठतात, दारात जाऊन ड्रायव्हरला सांगतात, "तुम्ही जा परत. मी राहतेय." आणि आत येऊन दिगंबरला दम भरतात, "खूश होऊ नका. बुधवारी वजन करायचं. नाही वाढलं तर न्यायची ती न्यायचीच."

"बरं."

"बरं काय बरं! साधी गोष्ट होती हो. वर्षाच्या आत मीठ घालायचं नाही. वृंदाने सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"सांगितलं," दिगंबर म्हणतो. "आत्ता, दुपारी."

ताई जुनी वाटी घासायला म्हणून उचलतात, काहीतरी बोलायला तोंड उघडतात, आणि वाटीत बघून थांबतात. सायीतल्या त्या बारीक चरीकडे त्या बघत राहतात. मग वाटी न घासताच ओट्यावर ठेवतात, वर ताटली झाकतात आणि पदराने डोळे पुसून दिगंबरवरच डाफरतात, "बघताय काय? आ करून बसलीय ती. भरवा."